बाप्तिस्म्याआधी नेमकं काय मानायचं आणि काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिन्यांपासून तुम्ही रविवारच्या उपासनेला जाता, येशूची ओढ लागली आहे, बाप्तिस्मा घ्यावा असं मनात आहे. पण मंडळीत कुणी सांगितलं की रोज पहाटे तासभर प्रार्थना हवी, कुणी म्हणालं वर्षभरात बायबल वाचून संपवायलाच हवं, कुणी दशांशाची आठवण करून दिली. यातलं बरंचसं जमत नाही, आणि मतांगीकारातली, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीतली, दोन-तीन वाक्यं म्हणताना जीभ अडखळते. मग ख्रिस्ती म्हणवून घ्यायला किमान काय मानायला हवं, काय करायला हवं?

बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग मी बरीच वर्षं घेतो आहे आणि 'किमान किती' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. त्यामागची धास्ती मला कळते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. ख्रिस्ती विश्वासात क्रमाला फार किंमत आहे: देवाने काय केलं ते आधी, आपण काय करायचं ते नंतर. हा क्रम उलटा झाला की प्रार्थना, वाचन, दान, उपास या सगळ्याचं ओझं होतं. माणूस एक तर खचतो, नाही तर त्याला गर्व चढतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ८ ते १० या तीन वचनांत, प्रेषित पौलाने हा क्रम स्पष्ट मांडला आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं आणि ते देवाचं दान आहे. ते कर्मांनी मिळत नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये. आणि ज्या सत्कृत्यांसाठी देवाने आपल्याला घडवलं ती त्यापुढे येतात. पुष्कळ जण आठवं वचन पाठ करतात आणि दहावं विसरतात. काही जण दहाव्यावर इतका भर देतात की आठवं बुडूनच जातं. तिन्ही वचनं एका दमात वाचा.

तर देवाने काय केलं? करिंथकरांस पहिलं पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचं आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं: शास्त्रलेखांप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, तो पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, आणि मग बारा शिष्यांना दिसला. हे पत्र येशूच्या मृत्यूनंतर एका पिढीच्या आत लिहिलं गेलं, आणि त्यात हे सूत्र पौलाच्याही आधीपासून चालत आलेलं म्हणून येतं. मंडळीचा गाभा हाच. बाकीची शिकवण याच्याभोवती उभी आहे.

प्रेषितांचा मतांगीकार म्हणताना तुमच्या लक्षात आलं असेल, त्यात मरिया आणि येशूखेरीज एकाच माणसाचं नाव येतं, आणि तो संत नाही की प्रेषित नाही. पंतय पिलात, रोमन सुभेदार. इ.स. २६ ते ३६ या काळात तो यहूदियाचा कारभार पाहत होता. १९६१ साली कैसरिया इथल्या उत्खननात त्याचं नाव कोरलेला दगडही सापडला. उपासनेत हे नाव दर रविवारी का घ्यायचं? आपला विश्वास एखाद्या सुंदर कल्पनेवर टेकलेला नाही म्हणून. एका ठरावीक काळी, एका ठरावीक अधिकाऱ्याच्या हुकुमाने, एका माणसाला वधस्तंभावर मारलं गेलं, आणि त्या माणसात देव स्वतः आपल्यापर्यंत आला होता, असं आपण म्हणतो. म्हणायला अवघड वाक्य आहे. अडखळलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही अर्थाकडे लक्ष देता आहात, एवढंच त्यावरून कळतं.

त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, तुम्ही वेगळं विचारलं आहे. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो मी वर्गात वापरत नाही, कारण त्यातून एकच देव तीन वेळा रूप पालटतो असं चित्र उभं राहतं. मग यार्देन नदीकाठी पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पिता बोलतो आहे, हा येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग लागत नाही. दाखल्याऐवजी इतिहास पाहिला तर जास्त उलगडतं. चौथ्या शतकात आरियस नावाच्या पाळकाने शिकवलं की पुत्र थोर आहे, पण निर्माण केलेला आहे. इ.स. ३२५ मध्ये निकेया इथल्या परिषदेने हे नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने जोडला. हा केवळ पंडितांचा वाद होता असं वाटू देऊ नका. पुत्र निर्माण केलेला असेल तर वधस्तंभावर देव स्वतः आलाच नाही, त्याने दुसऱ्या कुणाला तरी पुढे केलं, असा अर्थ निघतो. मग 'देव प्रीती आहे' या वाक्यातला जीवच जातो. आणि रोजच्या प्रार्थनेत तुम्ही हे सत्य जगतच आहात: पित्याशी बोलता, येशूच्या नावाने बोलता, आणि बोलावंसं वाटतं तेही आत्म्यामुळे. समजायच्या आधीच तुम्ही त्यात उभ्या आहात.

पुनरुत्थान मात्र मी सौम्य करून सांगणार नाही. 'येशूच्या आठवणी शिष्यांच्या मनात जिवंत राहिल्या' एवढाच त्याचा अर्थ घेतला तर पौलाच्या शब्दांत विश्वास व्यर्थ आहे, आणि आपण अजून आपल्या पापांतच आहोत. कबर रिकामी होती आणि येशू सदेह उठला, हा मंडळीचा दावा आहे. मतांगीकाराच्या शेवटी 'देहाचे पुनरुत्थान' येतं तेही याच धाग्यातून. आत्मा सुटला, देह टाकाऊ, असं ख्रिस्ती विश्वास म्हणत नाही. म्हणूनच आजाऱ्याची शुश्रूषा, भुकेल्याचं जेवण, मृताचं आदराने दफन ही कामं मंडळीने पहिल्यापासून विश्वासाचीच कामं मानली.

शंका उरल्या तर? मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशू त्याला आधी शंका मिटवून ये असं सांगत नाही. मुलाला बरं करतो. निकेय मतांगीकार मुळात 'आम्ही विश्वास ठेवतो' असा अनेकवचनात सुरू होतो. ज्या रविवारी एखादं वाक्य तुमच्या तोंडून निघत नाही, त्या रविवारी शेजारचे ते म्हणत असतात. पाळकांकडे ती शंका उघडपणे घेऊन जा. लपवलेली शंका कुजते.

आता पापक्षमेकडे वळतो, कारण विश्वास रोजच्या आयुष्यात टिकतो की नाही हे इथेच ठरतं. लूकच्या अठराव्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे. त्यात दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात: एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार, ज्याला लोक पापी समजत. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो आणि तशी यादी देवापुढे वाचतो. जकातदार दूर उभा राहून फक्त एवढंच म्हणतो, हे देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. तुमच्या 'किमान किती' या प्रश्नाला येशूचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

पण बाप्तिस्म्यानंतर पाप संपतं असं समजू नका. योहानाचं पहिलं पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे, आणि त्यातच म्हटलं आहे की आपल्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो. कबूल केलं तर तो विश्वासू व न्यायी आहे, क्षमा करील. पापांगीकार मोघम करू नका. 'माझे अपराध माफ कर' यापेक्षा 'आज मी धाकट्या जावेबद्दल खोटं बोलले' हे म्हणणं कठीण जातं, आणि उपयोगी पडतं ते हेच. ज्याचं नुकसान केलं त्याचं भरूनही द्यावं लागतं. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूपुढे चौपट परत देण्याचं कबूल केलं. कॅथलिक मंडळीत धर्मगुरूपुढे वैयक्तिक पापनिवेदन असतं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा उपासनेत एकत्र पापांगीकार होतो, आणि गरज पडली तर पाळकांशी एकांतात बोलता येतं. मन फार जड असेल तर एकांतात बोलाच.

इतरांना क्षमा करण्याविषयी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण इथे चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. क्षमा करणं आणि पुन्हा त्याच माणसाच्या तावडीत जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूड घेण्याचा हक्क सोडला म्हणजे क्षमा झाली. समेट व्हायला समोरच्याचा पश्चात्ताप आणि बदललेलं वागणं लागतं. घरात मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि सहन कर' असं कुणी सांगितलं तर ते शुभवर्तमान नाही. तिला सुरक्षित जागी पोचवणं आणि गुन्ह्याची तक्रार करायला सोबत जाणं हे मंडळीचं काम आहे.

बाप्तिस्म्याबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते तुमच्या कानावर येतीलच. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, मेथोडिस्ट, प्रेसबिटेरियन मंडळ्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच, आणि बहुधा पूर्ण बुडवून देतात. साल्व्हेशन आर्मी पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. पाण्याच्या प्रमाणावरून भांडणाऱ्यांना मी 'दिदाखे' दाखवतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीस लिहिलेली ही छोटी मार्गदर्शिका आहे. तिच्यात म्हटलं आहे की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर कोमट पाण्यात. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. पाणी किती यापेक्षा कुणाच्या नावाने, हे त्या लोकांना मोठं वाटत होतं.

तयारी किती हवी, यालाही एकच माप नाही. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने वाटेतच, रथातल्या एका संभाषणानंतर बाप्तिस्मा दिला. पुढच्या शतकांत काही मंडळ्यांमध्ये तयारी तीन-तीन वर्षं चालायची. तुमची मंडळी वर्गाला काही महिने देत असेल तर ते तुम्हाला पारखण्यासाठी आहे असं धरू नका. तुम्हीही या काळात मंडळीला पारखून घ्या. आणि बाप्तिस्मा झाला नाही तोवर देव दूर आहे असंही नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं. तरीही जो निरोगी आहे, मोकळा आहे आणि विश्वास ठेवतो, त्याने बाप्तिस्मा टाळत राहू नये. येशूने तो सांगितला आहे, एवढं कारण पुरे.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीबद्दल, थोडं सविस्तर लिहितो. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने रोमन सम्राटाला आपल्या लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग अध्यक्ष बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं. आभाराच्या प्रार्थनेला लोक 'आमेन' म्हणतात. वाटप होतं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, ते घेऊन जातात. ज्यांना शक्य आहे ते दान देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके लोक यांची सोय होते. आज तुम्ही ज्या उपासनेला बसता तिचा सांगाडा हाच आहे. हे वाचलं की मला दर वेळी भरून येतं. पावणेदोन हजार वर्षांहून अधिक काळ, इतक्या भाषांत, हेच चालू आहे.

भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त नेमका कसा असतो, यावर मंडळ्यांत एकमत नाही. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक भेटले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं आणि या मुद्द्याच्या शेवटच्या भागावर अडलं. हे कोडं तुम्हाला बाप्तिस्म्याआधी सोडवायचं नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने झापलं ते या तत्त्वाबद्दल नव्हतंच. तिथे खातेपिते लोक आधी जेवून घेत, काही तर प्यायलेले असत, आणि गरीब उपाशी राहत. 'अयोग्य रीतीने' भाग घेण्याचा इशारा त्या संदर्भात आहे. कित्येक प्रामाणिक माणसं तो इशारा 'मी पुरेसा पवित्र नाही' असा वाचतात आणि महिनोन्महिने मेजापासून दूर राहतात.

असे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात होते. सगळे पुढे गेले की ते शेवटच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहत. विचारलं तर म्हणाले, भावाशी वडिलांच्या घरावरून बोलणं बंद आहे, मी कुठल्या तोंडाने येऊ? आम्ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली २३ आणि २४ ही वचनं वाचली: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी त्यांना एवढंच दाखवलं की वचन 'मग ये' इथे संपतं. 'येऊ नकोस' असं त्यात नाही. त्यांनी भावाला फोन केला. घराचा वाद त्या फोनने मिटला नाही, वाटणी पुढे वकिलांकडूनच झाली. पण भाऊ आजारी पडल्यावर रात्री दवाखान्यात बसायला हेच होते, आणि मेजापाशीही येऊ लागले. मेजावर कुणी यावं याचे नियम मंडळीगणिक वेगळे असतात. ते आधी पाळकांना विचारा आणि पाळा. पण बोलावणं आल्यावर लायकी मोजत मागे बसू नका.

प्रार्थनेचा तास. तुमच्यावर हा तास कुणी लादला असेल तर तो खुशाल बाजूला ठेवा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं परराष्ट्रीय समजतात, तुम्ही तसं करू नका. आणि लगेच जी प्रार्थना शिकवतो ती अर्ध्या मिनिटात म्हणून होते. 'दिदाखे'मध्ये ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. मीही नव्या माणसाला तेच सुचवतो: सकाळी, दुपारी, रात्री. मात्र प्रत्येक विनंतीपाशी थांबा. 'तुझे राज्य येवो' म्हणताना आज बातमीत वाचलेला एखादा अन्याय मनात आणा. 'आमची रोजची भाकर' म्हणताना नोकरी गेलेल्या कुणाचं तरी नाव घ्या. तिथे 'माझी' नाही, 'आमची' आहे. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' म्हणताना तुमची कमजोरी कुठे आहे ते स्पष्ट बोला. दहा मिनिटं कशी गेली कळत नाही. आणि एखाद्या दिवशी अर्ध्या मिनिटातच झाली, तरी ती प्रार्थनाच.

शब्दच सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांमधली कितीतरी विलापाची आहेत. तरुण मुलगा गेलेली एक आई मला म्हणाली होती, सगळे मला आभार मान म्हणतात, मला ओरडावंसं वाटतं. आम्ही ८८वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी येतो तसा आशेचा सूर त्यात येत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, हे बायबलमध्ये आहे? आहे. देवापुढे रडणं, भांडणं, 'किती वेळ, प्रभू?' असं विचारणं हीसुद्धा प्रार्थना आहे.

आजारपणासाठी प्रार्थना जरूर करा. मंडळीच्या वडीलमंडळींना बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्या, असं याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. पण 'विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटलं नाही' असं कुणी म्हणालं तर मानू नका. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. त्रफिम या आपल्या सोबत्याला त्याने मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवलं. औषधं बंद करायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, तो कितीही मोठा प्रचारक असो.

वाचनाचं सांगतो. उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयात अडकणारे पुष्कळ आहेत. मार्कापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, एका रविवारी दुपारी बसून मोठ्याने वाचून होतात. मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये पाठोपाठ, कारण लेखक एकच आहे आणि गोष्ट सलग आहे. रोज एक स्तोत्र. मग उत्पत्ती, आणि निर्गम विसाव्या अध्यायापर्यंत. वर्षात संपवणं हे उद्दिष्ट ठेवू नका. एक गोष्ट मात्र पाळा: सुटं वचन उचलून त्यावर आयुष्य टांगू नका. यिर्मया २९:११ मधलं 'तुमच्याविषयीचे माझे विचार हिताचे आहेत' हे वचन भिंतीवर सगळीकडे दिसतं. त्याच्या आधीचं दहावं वचन वाचा: हे बाबेलमध्ये बंदिवान झालेल्यांना लिहिलेलं पत्र आहे, आणि सुटका ७० वर्षांनी होईल असं त्यात म्हटलं आहे. ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे तोवर हयात नसणार होते. आशा त्याने कमी होत नाही, पण 'पुढच्या महिन्यात सगळं ठीक' असा तिचा अर्थ राहत नाही.

घरीच वाचलं, प्रार्थना केली, मंडळीत गेलं नाही तर चालणार नाही का? आजारी असाल, अंथरुणाला खिळलेल्या असाल तर मंडळीने तुमच्याकडे यायला हवं. एरवी नाही चालणार. नव्या करारात एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना बोध करा अशा कितीतरी आज्ञा आहेत. त्या एकट्याने पाळता येत नाहीत. न आवडणारी माणसं तिथे भेटतात हे खरं, पण सहनशीलता शिकायला तीच माणसं लागतात.

तरी डोळे उघडे ठेवा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस येतो. त्याला अग्रस्थानाची हौस होती आणि तो इतरांना मंडळीबाहेर घालवत असे. अशी माणसं आजही असतात. ज्या मंडळीत पाळकाला प्रश्न विचारणं म्हणजे देवाविरुद्ध बंड समजलं जातं, जिथे हिशेब कुणी दाखवत नाही, जिथे घरच्यांशी संबंध तोडायला सांगतात, तिथून निघा. मंडळी बदलली म्हणजे विश्वास सोडला असं होत नाही.

पैशाचं. दशांश हा इस्राएलच्या नियमशास्त्राचा भाग होता. काही मंडळ्या तो आजही माप म्हणून शिकवतात, आणि राजीखुशीने देणाऱ्याला ते चांगलं वळण लावतं. पण पौलाने करिंथकरांना सांगितलेलं सूत्र असं आहे: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडतं म्हणून नाही. डोक्यावर कर्ज असेल, मुलांची फी थकली असेल तर आधी ते. गरीब विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, येशूने पाहिल्या. त्याच प्रसंगाच्या आधी, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांनाही त्याने झापलं होतं, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. 'इतकं दे म्हणजे देव दहापट परत देईल' असं म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका. आणि मंडळीचा हिशेब मागायला संकोचू नका. यरुशलेमसाठी वर्गणी नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने सोबत विश्वासू माणसं घेतली होती.

सणांबद्दल दोनच ओळी: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा रविवार, पेन्टेकॉस्ट. वर्षभर त्या क्रमाने चाललात की येशूचं सगळं चरित्र आपोआप अंगवळणी पडतं. काही मंडळ्या हे दिवस पाळत नाहीत. त्यावरून कुणाचा विश्वास मोजू नका.

सोमवार ते शनिवारचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो बाप्तिस्म्याशीच जोडलेला आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं? तो त्यांना अरण्यात राहायला बोलावत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जेवणही तसंच वाटा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धमकावून पैसे उकळू नयेत, खोटे आरोप करू नयेत, पगारात समाधान मानावं. म्हणजे ज्याच्या-त्याच्या धंद्यात जी लबाडी रुळलेली असते, तिथूनच सुरुवात. वर्गात मी प्रत्येकाला विचारतो, तुमच्या कामात 'सगळेच करतात' असं काय आहे? उत्तर द्यायला लोकांना वेळ लागतो, पण बहुतेकांना ते माहीत असतं.

आता तुमच्यापुरतं. पाळकांची वेळ घ्या आणि त्यांना चार गोष्टी विचारा: या मंडळीत बाप्तिस्मा कसा देतात आणि का, प्रभुभोजनाला कोण येऊ शकतं, पैशाचा हिशेब कोण पाहतं, आणि पाळकांबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे न्यायची. मतांगीकारातली जी वाक्यं अडतात ती कागदावर लिहून घेऊन जा. वर्ग सुरू होईपर्यंत मार्काचं शुभवर्तमान एकदा मोठ्याने वाचून काढा, आणि रोज तीनदा ती छोटी प्रार्थना म्हणा. पहाटेच्या तासाबद्दल कुणी विचारलं तर पाळकांशी बोलणं चालू आहे असं सांगा.